मालगुजारांच्या मोटारी: सागाचा सांगाडा आणि सहा व्होल्टची वायर

विदर्भातल्या एखाद्या गावी, जुन्या वाड्याच्या कोठ्यात धूळ खात उभी असलेली मोठी अमेरिकन मोटार दिसली की बाहेरच्या माणसाला नवल वाटतं. इथल्यांना वाटत नाही, कारण ती मोटार पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, पैशावर आली हे त्यांना ठाऊक असतं. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, १८७० मध्ये जलंबहून खामगावच्या कापूस बाजारापर्यंत फाटा गेला, आणि हिंगणघाट, धामणगाव, वणी, आकोट इथे जिनिंग-प्रेसिंग उभी राहिली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस कापसाचे भाव असे चढले की नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (आजचं चंद्रपूर) भागातले मालगुजार, म्हणजे सारा गोळा करणारे गावचे जमीनमालक, आणि वऱ्हाडातले मोठे देशमुख-सावकार थेट मोटारीची भाषा बोलू लागले. बैलबंडीच्या चाकोऱ्या आणि काळ्या मातीचे रस्ते, त्यामुळे पसंती उंच, दणकट अमेरिकन गाडीला. १९२८ पासून जनरल मोटर्स मुंबईत शिवडीला गाड्या जुळवू लागली आणि सुटे भाग मुंबईहून रेल्वेने मागवता येऊ लागले.

हा काळ फार टिकला नाही. महामंदीत कापूस पडला, दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग आलं. खरा घाव मात्र नंतरचा. १९५१ मध्ये मालगुजारी गेली. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने, म्हणजे उद्योगांना संरक्षण द्यावं का हे सरकारला सुचवणाऱ्या आयोगाने, सांगितलं की ज्यांना देशात गाडी बनवायची नाही त्यांनी जुळणीही बंद करावी, आणि सरकारने ते मानलं. जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघीही निघून गेल्या. म्हणजे गाडी पोसणारा पैसा आणि गाडीचा सामान, दोन्ही दोन-तीन वर्षांच्या आत आटले. आज या गाड्या खोलल्यावर आत जे काही सापडतं, त्याचं मूळ या दोन-तीन वर्षांत आहे. भाग मिळेना, म्हणून तो गावातच घडवावा लागला.

आधी बॉडीचं बघू. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक गाड्यांचा पत्रा लाकडी सांगाड्यावर ठोकलेला असे. रोल्स-रॉइस तर दुसऱ्या महायुद्धापर्यंत नुसती चॅसी (इंजिन-चाकांसह खालचा सांगाडा) विकायची, बॉडी कोचबिल्डर, म्हणजे बॉडी बांधणारा वेगळा कारखाना, चढवायचा. सांगाड्याचं लाकूड बहुधा अ‍ॅश या विलायती झाडाचं. लवचीक आणि हलकं, पण वाळवीपुढे आणि पावसाळ्यातल्या ओलीपुढे टिकाव नाही. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसवर, मग जुलैत भिंतींना ओल. या हेलकाव्यात सांधे सैल होतात, दार लोंबतं आणि बिजागरीपाशी पत्रा फाटतो. सुताराने कुजलेला तुकडा समोर ठेवून त्याच मापाचा सागाचा घडवला. साग अ‍ॅशपेक्षा कमी लवतो आणि तेलकट असल्याने सरस नीट धरत नाही, म्हणून चांगल्या सुताराने सांध्यात खुंटी आणि स्क्रू दिले. असं काम खोलून पाहिलं की हात जोडावेसे वाटतात. पण लवचीक सांगाड्यावर बसवलेला पत्रा ताठ सागावर आला की कोपऱ्यात ताण येतो, तिथे रंग तडकतो, आणि डेंटर त्यावर पुन्हा पुट्टी भरतो. पुट्टीखाली गंज वाढत राहतो.

पुट्टी येण्याआधीच्या काळात खड्डे शिसं-कथिलाने भरत. पत्र्याला आधी कथिलाचा हात द्यायचा, मग मऊ झालेलं मिश्रण लाकडी पट्टीने फिरवत बसवायचं. गावातल्या कल्हईवाल्याला यातला पहिला भाग उपजत येत होता. त्याची नवसागराची (कल्हई करताना लावायच्या क्षाराची) सवय मात्र पत्र्याला बाधली: नवसागर धुतला नाही तर रंगाखाली गंज सुरू होतो. आज असं काम करायचं तर सोड्याच्या पाण्याने धुवून पूर्ण वाळवावं, आणि शिसं तापवताना वा घासताना मास्क लावूनच काम करावं.

वायरिंगची कथा वेगळी. त्या काळच्या वायरीला रबराचं आवरण आणि त्यावर कापसाची वीण असे. रबर उन्हाने वाळून भुगा होतो, वीण तेवढी शाबूत दिसते. वरून धड वाटणारी वायर आत नागडी असते. शिवाय १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकन गाड्या सहा व्होल्टच्या. ४५ वॅटच्या दिव्याला बारा व्होल्टवर पावणेचार अँपिअर लागतात, सहावर साडेसात. म्हणून मूळ वायर जाड. नंतर मिळेल ती बारीक वायर घातली की दिवे मंद, वायर गरम.

तालुक्याच्या गावी ट्रॅक्टरची बारा व्होल्टची बॅटरी सहज मिळे. ती बसली, बल्ब बदलले, स्टार्टर मात्र सहाचाच राहिला. तो दणक्यात फिरतो आणि इंजिनच्या फ्लायव्हीलवरच्या रिंगचे दात खातो. त्यात फोर्ड, पॅकार्डसारख्या गाड्यांत बॅटरीचा प्लस चॅसीला जोडलेला. ते न पाहता उलट जोडलं की अँमीटर उलटा फिरतो आणि डायनामोला पुन्हा ध्रुव द्यावे लागतात. डायनामोचं वाइंडिंग मात्र उत्तम व्हायचं, कारण विहिरीवरच्या मोटरी भरणारे कारागीर जवळच होते. कॉम्युटेटरच्या (डायनामोतल्या फिरत्या तांब्याच्या नळकांड्याच्या) पट्ट्यांमधला अभ्रक हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने तांब्याच्या किंचित खाली उतरवायचा, नाहीतर त्यावर घासणारा कार्बनचा ब्रश उड्या मारतो आणि ठिणग्या पडतात. हे काम डोळ्याने आणि नखाने तपासत करणारे हात आजही तालुक्याला भेटतात.

बॉडी आणि वीज एकमेकांत अडकतात ती अर्थवर, म्हणजे करंटच्या परतीच्या वाटेवर. करंट परत येतो चॅसीतून. लाकडी सांगाड्यात पत्र्याचे तुकडे एकमेकांपासून सुटे असतात, म्हणून मूळ कारखान्याने जागोजागी अर्थच्या तारा दिल्या होत्या. पेंटरने त्या टोकांवर रंग मारला, सुताराने तार तोडली, की दिवा मंद होतो आणि मिस्त्री डायनामोला दोष देतो. माझं मत स्पष्ट आहे: सागाचा सांगाडा नीट असेल तर ठेवावा, बारा व्होल्टचं रूपांतर मात्र काढून टाकावं.

२०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. नंबरात व्हीए अक्षरं, फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. अट अशी की चॅसी, बॉडी शेल आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसावा. म्हणून सुताराने काढलेला कुजका तुकडा फेकू नये. त्यावर जागेचं नाव लिहून, मूळ सांध्याचा आणि नव्या तुकड्याचा फोटो काढून कागदांसोबत ठेवावा. जुन्या वायरीच्या प्रत्येक रंगाचा एक वीतभर तुकडाही.