तीन लाल टिकांची नोटीस

‘तीन टिका लाल झाल्या की समजा, सरकारनं मेसेज वाचला आणि कोर्टाची नोटीस निघाली.’ हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय; आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर दिवाळीच्या शुभेच्छांइतक्या नेमानं येतो. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये लाल टीक नाहीच. एक म्हणजे पाठवला, दोन म्हणजे पोचला, निळ्या म्हणजे वाचला. तिसरी कुठून आणली कोण जाणे!

अफवेला बळ मिळालं ते केंद्र सरकारच्या २०२१च्या आयटी (माहिती तंत्रज्ञान) नियमांमुळे. त्यातला नियम ४(२) म्हणतो की ५० लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या मेसेजिंग सेवेनं, ठरावीक गंभीर गुन्ह्यांत न्यायालयाचा किंवा सक्षम अधिकाऱ्याचा आदेश आल्यास, मेसेज मुळात कुणी पाठवला ते सांगावं. मजकूर द्या, असं त्यात नाही. पण मूळ पाठवणारा शोधायचा तर सगळ्यांच्याच मेसेजचा माग ठेवावा लागेल, मग एन्क्रिप्शनला, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच मेसेज वाचता येऊ नये म्हणून लावलेल्या कुलपाला, अर्थ काय राहिला, असं म्हणत व्हॉट्सअ‍ॅप मे २०२१मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. खरा वाद हा आहे.

आणि पोलिसांच्या हाती चॅट लागतात ते बहुधा जप्त केलेल्या फोनमधून, नाहीतर ग्रुपमधल्याच कुणीतरी काढलेल्या स्क्रीनशॉटमधून.