लिनक्सवर ‘अकाउंट लॉक झालंय’: पण कुलूप लावलं कोणी?

अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे सर्व्हर मी सांभाळतो. तिथल्या डिस्पॅचवाल्याचा सकाळी सातच्या शिफ्टला फोन आला. “भाऊ, पासवर्ड बरोबर टाकतोय, तरी घेत नाहीये.” स्क्रीनवर ‘परमिशन डिनाइड, प्लीज ट्राय अगेन’ एवढंच. मी घरूनच रूटने (सगळे अधिकार असलेल्या खात्याने) ‘पासडब्ल्यूडी डॅश यू’ चालवून अकाउंट अनलॉक केलं. फरक नाही. मग नवीन पासवर्ड दिला. तरीही नाही. काही वेळाने त्याचं लॉगिन झालं, तेव्हा वाटलं, सुटलं एकदाचं. पण अर्ध्या तासात पुन्हा फोन. बाहेर ट्रक भरून उभा आणि चलन निघेना.

चूक अशी की लिनक्सवर ‘लॉक’ या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात आणि मी भलत्याच कुलपाला किल्ली लावत होतो.

पहिलं कुलूप माणूस लावतो. ‘पासडब्ल्यूडी डॅश एल’ किंवा ‘यूजरमॉड डॅश कॅपिटल एल’ दिलं की ईटीसी फोल्डरमधल्या शॅडो फाइलमध्ये, जिथे पासवर्डची नोंद असते, त्या यूजरच्या हॅशच्या (पासवर्डच्या सांकेतिक रूपाच्या) आधी उद्गारचिन्ह लागतं, काही सिस्टमवर दोन. बस, तेवढंच. हॅश तिथेच असतो, पण चिन्हामुळे कोणताच पासवर्ड त्याच्याशी जुळत नाही. हे कुलूप आपण काढेपर्यंत निघत नाही, मशीन रीबूट केलं तरी नाही.

दुसरं कुलूप सिस्टम स्वतःहून लावते. हे काम पॅममधल्या, म्हणजे लॉगिन तपासणाऱ्या यंत्रणेतल्या, फेललॉक मॉड्यूलचं. मूळ सेटिंगमध्ये 900 सेकंदांच्या आत 3 वेळा पासवर्ड चुकला की ते 600 सेकंद दार बंद ठेवतं. त्या दहा मिनिटांत अगदी बरोबर पासवर्ड दिला तरी नकारच मिळतो. रूटला मात्र मुद्दाम सांगितल्याशिवाय हा नियम लागू होत नाही. चुकांची नोंद व्हारच्या खाली रन फोल्डरमध्ये, प्रत्येक यूजरच्या वेगळ्या फाइलमध्ये होते. शॅडो फाइलला हात लागत नाही. म्हणूनच ‘पासडब्ल्यूडी डॅश यू’ इथे काहीच करत नाही, आणि पासवर्ड बदलल्यानेही मोजणी शून्य होत नाही. (उबंटू या लिनक्सच्या प्रकारावर फेललॉक आपण चालू करावं लागतं, त्यामुळे प्रत्येक मशीनवर ते असेलच असं नाही. जुन्या मशीनवर हेच काम टॅली-टू नावाचं मॉड्यूल करायचं, लिनक्स-पॅमच्या 1.5.0 आवृत्तीत ते काढून टाकलं.)

ओळखायचं कसं? आधी ‘पासडब्ल्यूडी डॅश कॅपिटल एस’ आणि पुढे यूजरचं नाव. नावानंतर एल किंवा एलके दिसलं तर माणसाचं कुलूप. पी किंवा पीएस दिसलं तर पासवर्ड शाबूत आहे. मग ‘फेललॉक डॅश डॅश यूजर’ चालवायचं. त्या सकाळी मला तिथे तीन ओळी दिसल्या. प्रत्येकीत तारीख, वेळ, प्रकाराच्या जागी आरहोस्ट (म्हणजे दुसऱ्या मशीनवरून आलेला प्रयत्न) आणि पुढे एकच आयपी पत्ता. तो पत्ता डिस्पॅचच्या टेबलाचा नव्हताच, गोडाऊनमधल्या पीसीचा होता. डिस्पॅचवाल्याने शुक्रवारी पासवर्ड बदलला होता, पण गोडाऊनमधली स्टॉकच्या फाइली ओढणारी स्क्रिप्ट जुनाच पासवर्ड घेऊन दर दोन मिनिटांनी दार ठोठावत होती. दहा मिनिटांनी कुलूप उघडायचं आणि स्क्रिप्ट ते पुन्हा लावायची.

म्हणून ‘फेललॉक डॅश डॅश रीसेट’ देण्याआधी त्या ओळी वाचाच, कारण रीसेटने त्याच पुसल्या जातात. पुसल्या गेल्याच असतील तर रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर व्हार-लॉगमधली सिक्युअर फाइल, डेबियन-उबंटूत ऑथ डॉट लॉग उघडा. तिथे ‘फेल्ड पासवर्ड फॉर’ या शब्दांपुढे यूजर आणि पत्ता सापडतो.

उलट दिशेची गफलत मला जास्त धोक्याची वाटते. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं अकाउंट कोणीतरी विचार करून लॉक केलेलं असतं. ‘लॉगिन होत नाही’ म्हणून दुसऱ्याने रूटने त्याला नवा पासवर्ड दिला, तर उद्गारचिन्हासकट जुना हॅश जातो आणि अकाउंट उघडं पडतं. कसलीही सूचना येत नाही.

शिवाय दोन्ही कुलपं पासवर्डचीच आहेत. पॅम चालू असलेल्या नेहमीच्या सेटिंगमध्ये एसएसएच-की (पासवर्डऐवजी लॉगिनला चालणारी डिजिटल किल्ली) असलेला माणूस दोन्हींना वळसा घालून आत येतो. कोणाचा रस्ता खरंच बंद करायचा असेल तर ‘यूजरमॉड डॅश डॅश एक्सपायरडेट 1’ द्या. शॅडोच्या आठव्या रकान्यात 1 जानेवारी 1970 पासूनचे दिवस मोजले जातात, म्हणजे ते खातं 2 जानेवारी 1970 लाच संपलं असं ठरतं आणि की घेऊन आलेल्यालाही प्रवेश मिळत नाही. आधीपासून चालू असलेली सेशन मात्र याने तुटत नाहीत. ती शोधून हाताने बंद करावी लागतात.