मेनिएरचा आजार: दडे बसणाऱ्या कानाची पार्श्वभूमी

कानाला दडे बसतात, आत घुंई आवाज सुरू होतो आणि भिंती गरगरू लागतात. काही तासांत सगळं शांत होतं, ऐकूही येऊ लागतं. आपल्याकडे अशा वेळी आधी पित्त किंवा मानेच्या मणक्यावर संशय जातो. एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये तो मेंदूवर जाई. तिथे रक्त साचलंय असं समजून रोग्याचं रक्तच काढत. दोष अंतर्कर्णात आहे, हे प्रॉस्पर मेनिएर या फ्रेंच डॉक्टरांनी १८६१च्या जानेवारीत तिथल्या वैद्यक अकादमीसमोर मांडलं. पुढच्याच वर्षी ते वारले.

सबळ पुरावा मिळायला १९३८ उजाडलं. लंडनमध्ये हॉलपाइक व केर्न्स, जपानमध्ये यामाकावा यांनी मृत रुग्णांचे अंतर्कर्ण तपासले. एंडोलिंफ या द्रवाने आतला पडदा फुगला होता. अंतर्कर्णातल्या शंखाकृती नळीच्या टोकाशी फुगवटा जास्त, आणि खर्जातले आवाज तिथेच टिपले जातात. म्हणून सुरुवातीला तेच कमी-जास्त ऐकू येतात.

उपचार मात्र पुराव्याआधीच सुरू झाले होते. १९२०च्या दशकात फ्रान्समध्ये पोर्टमन यांनी अंतर्कर्णातल्या या द्रवाच्या पिशवीवर शस्त्रक्रिया केली, १९३४मध्ये अमेरिकेत फर्स्टनबर्ग यांनी रुग्णांचं मीठ तोडलं. कानाला बाधणारं स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक पन्नाशीच्या दशकात चक्कर थांबवायला मुद्दाम वापरलं गेलं, पुढे जेंटामायसिन आलं. चक्कर थांबते, पण उरलंसुरलं ऐकणं जाण्याचा धोका असतो.

मला सर्वांत बोलका वाटतो तो १९८१चा डॅनिश प्रयोग. निम्म्या रुग्णांची पिशवीची शस्त्रक्रिया झाली, उरलेल्यांचं नुसतं कानामागचं हाड कोरलं. बरं वाटणारे दोन्हीकडे जवळपास सारखेच! त्या निष्कर्षावर पुढे बराच वाद झाला. २०१६च्या जर्मन चाचणीत २२१ रुग्णांवर बीटाहिस्टीन ही चक्करेवरची गोळीही खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. आजार आपणहून ओसरतो, श्रेय चालू औषधाला जातं. गोळी अजूनही सर्रास लिहून दिली जाते. मीठ कमी करण्यालाही चाचण्यांचा भक्कम आधार नाही, तरी त्यात गमवायचं काही नाही. पापड, लोणचं, फरसाण आणि वडापावची चटणी आवरणं जमलं तर.

मुंबईत वांद्र्याला १९८३पासून वाचा-श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांतही श्रवणचाचणी होते. अडचण तारखेची: नंबर लागेपर्यंत कान सुधारलेला असतो आणि ऐकण्याचा आलेख ठीकठाक येतो. म्हणून दडे बसलेल्या दिवशी एक आणि उतरल्यावर एक, असे दोन आलेख हवेत. श्रवणयंत्र घ्यायचं झालं तर आवाजाची पातळी रोज स्वतः बदलता येईल असंच घ्यावं.