घरकुल एका खात्याचे, नळ दुसऱ्या खात्याचा

महाराष्ट्रात ग्रामीण घरकुलांच्या योजनांना तोटा नाही: प्रधानमंत्री आवास, रमाई, शबरी, पारधी, मोदी आवास. तरीही मंजूर झालेले कितीतरी घरकुल जोत्याच्या आधीच अडते, आणि अडते ते बहुधा जागेपाशी. त्याचे मूळ शोधायला गावठाणापासून सुरुवात करावी लागते.

इंग्रजी अमलात जमिनींची मोजणी झाली ती शेतसाऱ्यासाठी. शेतांना सर्व्हे नंबर पडले. घरांखालच्या जागेवर सारा नव्हता, म्हणून गावठाणाला बाहेरून एक हद्द आखली गेली आणि आतली घरे बहुतेक गावांत मोजलीच गेली नाहीत. पुढे कुटुंबे वाढली, वाटण्या झाल्या, हद्द तिथेच राहिली. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 122 ने ही हद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे. पण ग्रामपंचायतीने विस्ताराचा ठराव केला तरी लगतची जमीन खासगी असली, की मोबदला कोणी द्यायचा या प्रश्नावर फाइल थांबते.

घराचा पुरावा म्हणून लोकांकडे असतो तो नमुना 8 चा उतारा. ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीची नव्हे, त्यामुळे बँक तिच्यावर सहसा कर्ज देत नाही. पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे ड्रोनने गावठाण मोजणीचा पथदर्शी प्रयोग झाला, आणि 24 एप्रिल 2020 रोजी अशीच मोजणी करून घरमालकाला मिळकत पत्रिका, म्हणजे मालकीचा दाखला देणारी केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. ही पत्रिका हाती आल्याने मोठी अडचण सुटते. मात्र ही मोजणी गावठाणापुरती आहे. गायरानावर किंवा शेताच्या बांधावर राहणारे कुटुंब, म्हणजे बहुधा सर्वांत गरजू, तिच्याबाहेरच राहते.

आता धोरणाकडे. 1957 मध्ये सामुदायिक विकास कार्यक्रमाच्या छत्राखाली खेड्यांतील घरांसाठी कर्जयोजना आली. कर्जाला तारण लागते आणि तारणाला जमीन. भूमिहीन तिथेच गळाला. 1971 मध्ये भूमिहीन शेतमजुरांना घराची जागा देण्याची योजना निघाली. पाचव्या पंचवार्षिक योजनेतील किमान गरजा कार्यक्रमाने घरासाठी जागा, पाणी, रस्ते, आरोग्य, वीज आणि शाळा प्रथमच एका यादीत मांडल्या. आमच्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणा विचार हाच होता. अंमलबजावणी मात्र खातेनिहाय झाली आणि यादी पुन्हा विखुरली.

1985-86 ची इंदिरा आवास योजना रोजगार कार्यक्रमाच्या निधीतून जन्मली. सुरुवातीला ती अनुसूचित जाती-जमाती आणि मुक्त वेठबिगारांसाठी होती. 1 जानेवारी 1996 पासून ती स्वतंत्र झाली. तेव्हापासून हिशेब ‘प्रति घर’ असाच राहिला. 2016 च्या प्रधानमंत्री आवास योजनेतही सपाट भागात घरामागे 1,20,000 रुपये, डोंगराळ भागात 1,30,000, रोजगार हमीतून 90 ते 95 मनुष्यदिवसांची मजुरी आणि किमान 25 चौरस मीटर क्षेत्र. वस्तीसाठी वेगळा आकडा नाही.

वस्तीचे गणित चुकले की काय होते ते किल्लारीने दाखवले. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील 52 गावे नव्या जागी वसवली. जमीनधारणेनुसार 250, 400 आणि 750 चौरस फुटांची घरे दिली. सरळ रुंद रस्ते, मोकळे भूखंड, त्यामुळे नवी गावे जुन्यापेक्षा कितीतरी पट पसरली. घरे भूकंपाला टिकतील अशी झाली हे मोलाचे आहे. पण गाव पसरले की जलवाहिनी, गटार, दिव्यांचे खांब आणि रस्ते सगळेच लांबते, आणि देखभाल येते त्याच छोट्या ग्रामपंचायतीवर.

उलट टोक म्हणजे दाटी. भूमिहीन लाभार्थ्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना 500 चौरस फुटांपर्यंत मदत देते. सुरुवातीला ही मदत 50,000 रुपयांपर्यंत होती. 25 चौरस मीटर म्हणजे 269 चौरस फूट घरात गेले की उरतात 231, भिंतींची जाडी धरली तर त्याहून कमी. त्यात शौचालय, न्हाणी, पाण्याची टाकी आणि शौचालयाचे आळीपाळीने वापरायचे दोन शोषखड्डे बसवायचे. खड्डे साधारण मीटरभर व्यासाचे आणि एकमेकांपासून मीटरभर दूर हवेत, नाहीतर भरलेल्या खड्ड्यात शेजारच्या खड्ड्याचे पाणी झिरपते, मैला सुकत नाही आणि खड्डा रिकामा करता येत नाही. शेळी बांधायला जागा उरतच नाही.

अशी छोटी जागा खरेदी करतानाही शेतजमिनीचे फार लहान तुकडे करून विकण्यास मनाई करणारा 1947 चा तुकडेबंदी कायदा आडवा येत असे, कारण अर्ध्या गुंठ्याचा दस्त नोंदवायचा कसा? 2024 मध्ये नियमांत घरकुलासाठी सवलत मिळाली, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने. गायरानातून जागा देण्याचा मार्ग, गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवायला सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या 28 जानेवारी 2011 च्या जगपाल सिंह निकालानंतर, फार अरुंद झाला आहे.

म्हणून ग्रामपंचायतीने लाभार्थी यादी हाती येताच भूमिहीनांची संख्या वेगळी काढावी आणि जागा एकगठ्ठा शोधावी. 50 भूखंडांना 25,000 चौरस फूट, म्हणजे सुमारे 23 गुंठे लागतात. रस्ते, गटार आणि मोकळी जागा धरून एक एकराची तयारी ठेवावी. जल जीवन मिशनच्या माणशी 55 लिटर निकषाने, पाच जणांचे कुटुंब धरले, तर या वस्तीला रोज 13,750 लिटर पाणी लागेल. सध्याची टाकी आणि विहीर तेवढे देते का, हे जागा पक्की करण्याआधी उन्हाळ्यात तपासावे. वस्ती 250 लोकांची झाली, तर मिनी अंगणवाडीचा 150 ते 400 लोकसंख्येचा निकष बसतो. तिच्यासाठी भूखंड आराखड्यातच राखून ठेवावा, नंतर तो मिळत नाही. पहिलीतले मूल एक किलोमीटरच्या आत शाळेत पोहोचते का तेही पाहावे.

पैसे एकाच लेखाशीर्षातून येणार नाहीत. पंधराव्या वित्त आयोगाच्या ग्रामपंचायतींसाठीच्या निधीपैकी 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधील होते. ती कामे ग्रामपंचायत विकास आराखड्यात घरकुलाच्याच वर्षात धरली नाहीत, तर घर पुरे होते आणि नळ पुढच्या आराखड्याची वाट पाहतो.