ॲटनबरो हे गावाचं आडनाव

ॲटनबरो हे आडनाव थेट आपल्या ‘-कर’ वळणाचं आहे. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमशायरात ट्रेंट नदीकाठी या नावाचं गाव आहे. ‘बरो’ म्हणजे जुन्या इंग्रजीतलं ‘बुर्ह’, तटबंदीची जागा, आपला कोट. आधीच्या अक्षरांत अड्डा नावाचा कुणी माणूस दडलाय. गाव सोडून दुसरीकडे गेलेल्याला तिथले लोक गावाच्या नावानं ओळखू लागले, की झालं आडनाव. ‘गांधी’ चित्रपट आणि डेव्हिड ॲटनबरोंचे निसर्गपट यांमुळे ते आपल्या कानावरचं. इंग्लंडात मात्र विरळाच. आणि विरळा म्हणूनच जनुकशास्त्रज्ञांच्या कामाचं.

तिथे आडनाव बापाकडून मुलाकडे जातं आणि वाय गुणसूत्रही. बाकीची गुणसूत्रं दर पिढीत पत्त्यांसारखी पिसली जातात. वायला तशी जोडीच नाही. दोन टोकं सोडली तर ते एक्सशी देवघेव करत नाही. आजोबांचं वाय मुलाच्या मुलात जवळजवळ जसंच्या तसं उतरतं.

या ‘जवळजवळ’मध्येच खरी मजा आहे. वायवर काही जागी डीएनएच्या चार अक्षरांचा तुकडा, समजा जी-ए-टी-ए, लागोपाठ बारा-पंधरा वेळा येतो. नक्कल होताना क्वचित एखादा वाढतो किंवा गळतो. एका जागी असं होण्याची शक्यता पिढीमागे साधारण हजारात दोन-तीन. आडनावं वंशपरंपरेनं चालू लागून सुमारे ७०० वर्षं झाली. २३ पिढ्या धरू. अशा १७ जागा मोजल्या, तर १७ × २३ × ०.००२५, म्हणजे मूळपुरुषापासून आजच्या वंशजापर्यंत जेमतेम एक बदल. दोन वंशजांची तुलना केली तर दोन. एवढाच फरक असलेले एकाच वंशातले मानायचे.

लेस्टर विद्यापीठाच्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ४० आडनावांच्या १,६७८ पुरुषांचं वाय तपासलं आणि २००९ साली निष्कर्ष मांडले. ॲटनबरोंपैकी ८७ टक्के एकाच गोतावळ्यातले निघाले, तेही वायच्या ‘ई’ नावाच्या, ब्रिटनमध्ये कमी आढळणाऱ्या गटातले. गट सर्रास आढळणारा असता, तर हा योगायोग म्हणून सोडून देता आला असता. उलट स्मिथ म्हणजे लोहार. लोहार गावोगावी, त्यामुळे दोन स्मिथांचं वाय रस्त्यावरच्या दोन अनोळखी माणसांइतकंच जुळतं.

पण म्हणून ॲटनबरोंचा मूळपुरुष एकच होता असं नाही. सुरुवातीला पाच घरं असतील. चौघांकडे कधीतरी फक्त मुली झाल्या, नाव बुडालं, पाचव्याचं पसरलं. जनुकीय विचलन म्हणतात ते हेच, निव्वळ नशीब.

 

उरलेल्या १३ टक्क्यांत दत्तक मुलं असतील, आईचं आडनाव लावणारे असतील आणि बाप वेगळा असलेलेही. राजघराणीही याला अपवाद नाहीत. लेस्टरच्या वाहनतळाखाली २०१२ साली इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा सापडला. त्याचा डीएनए याच टुरी किंगनी तपासला. आईकडचा दुवा जुळला. पुरुषवंशातले म्हणून शोधलेल्या पाच हयात नातलगांपैकी एकाचंही वाय राजाशी जुळलं नाही.