सबसाइट की हब? इंट्रानेटवर डिपार्टमेंट लावताना होणारा गोंधळ

शेअरपॉइंटवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या साइट आणि फाइली ठेवायच्या सोयीवर, इंट्रानेट (कंपनीची आतली वेबसाइट) बनवायला घेतलं की पहिल्याच मीटिंगमध्ये पांढऱ्या बोर्डवर झाड काढलं जातं, वर कंपनी, खाली एचआर, फायनान्स, परचेस, आयटी, आणि मग कुणीतरी म्हणतं की एक मुख्य साइट करू आणि त्याखाली प्रत्येकाची सबसाइट. दुसरा म्हणतो हब करू. आणि सगळे मान डोलावतात, कारण दोन्ही एकच वाटतं. स्क्रीनवर दिसतंही जवळपास तसंच, वर एक मेनू, त्यात डिपार्टमेंटची नावं, क्लिक केलं की त्यांचं पान. पण आतून दोन्हीचा काहीही संबंध नाही, आणि ते कळतं तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

सबसाइट म्हणजे मुख्य साइटच्या पोटातली साइट. तिचा पत्ताही तसाच बनतो, आधी इंट्रानेट, मग एचआर, त्याखाली पेरोल. परमिशन सुरुवातीला वरूनच येतात, वेगळ्या हव्या असतील तर हा वरून येणारा वारसा तोडावा लागतो, आणि एकदा चार-पाच ठिकाणी तोडला की कुणाला कुठे काय दिसतं हे आयटीलाही चटकन सांगता येत नाही. हब हा प्रकार २०१८ मध्ये आला. त्यात प्रत्येक डिपार्टमेंटची साइट स्वतंत्रच असते, हब फक्त त्यांना एकत्र बांधतो, म्हणजे वरचा मेनू सगळीकडे सारखा, रंगरूप सारखं, आणि हबवरून सर्च केलं तर जोडलेल्या सगळ्या साइटमधलं सापडतं. बास, एवढंच.

खरा फरक बघायचा तर परचेसचं उदाहरण घ्या. त्यांना व्हेंडरबरोबर ड्रॉइंग आणि कोटेशन शेअर करायचे असतात, म्हणजे बाहेरच्या माणसाला अ‍ॅक्सेस हवा. एचआरला तो अजिबात नको. आता बाहेर शेअर करू द्यायचं की नाही हे सेटिंग अख्ख्या साइट कलेक्शनला, म्हणजे मुख्य साइट आणि तिच्या पोटातल्या सगळ्या सबसाइटना मिळून, लागतं, सबसाइटला वेगळं लावता येत नाही, त्यामुळे परचेससाठी उघडलं की एचआरच्या सबसाइटलाही तेच सेटिंग लागू. दुसरं म्हणजे साइट कलेक्शनचा अ‍ॅडमिन खालच्या सगळ्या सबसाइट उघडू शकतो, तुम्ही पेरोलचा वारसा तोडला असला तरी. पगाराच्या फाइली तिथे ठेवणाऱ्या माणसाला हे कुणीतरी आधी सांगायला हवं, आणि माझ्या मते नुसत्या या एका कारणासाठी सबसाइट बाद करावी. हबमध्ये दोन्ही साइट वेगळ्या, सेटिंग वेगळी, अ‍ॅडमिन वेगळे.

मग येतं डिपार्टमेंटची अदलाबदल. ट्रेनिंग आज एचआरखाली आहे, उद्या ऑपरेशन्सकडे जातं, हे होतंच. हबमध्ये साइटचा जुना हब काढून नवा निवडायचा, पत्ता तोच राहतो, लोकांनी सेव्ह केलेल्या लिंक चालू राहतात. सबसाइट मात्र उचलून दुसरीकडे ठेवायचं बटणच नाही, फाइली हलवा, पानं परत बनवा, परमिशन परत लावा, आणि जुन्या मेलमधल्या लिंक तुटतात ते वेगळंच. शिवाय सबसाइटला मायक्रोसॉफ्ट ३६५ ग्रुप (सदस्यांचा सामायिक गट) जोडता येत नाही, म्हणजे तिच्यावर टीम्स या चॅट आणि मीटिंगच्या अ‍ॅपमधली टीम उभी करता येत नाही. मायक्रोसॉफ्टसुद्धा आता नव्या कामाला सबसाइट टाळा असंच सांगते.

पण हबबद्दलचाही एक गैरसमज फार पसरलेला आहे, की साइट हबला जोडली म्हणजे सगळ्यांना दिसायला लागते. नाही हो! जोडल्याने परमिशन आपोआप बदलत नाही. हबच्या व्हिजिटरना जोडलेल्या साइट वाचू द्यायची एक सोय आहे, पण ती हबच्या ओनरने चालू करावी लागते आणि त्या साइटच्या ओनरनेही मान्य करावी लागते. सर्चमध्येही ज्याला अ‍ॅक्सेस नाही त्याला ती फाइल दिसतच नाही. मेनूचं मात्र तसं नाही, हाताने टाकलेली लिंक सगळ्यांना दिसते आणि क्लिक केल्यावर अ‍ॅक्सेस मागायचं पान येतं, म्हणून तिथे ऑडियन्स टार्गेटिंग चालू करून ती लिंक त्या गटापुरतीच ठेवा. आणि एक साइट एका वेळी एकाच हबला जोडता येते, त्यामुळे दोन डिपार्टमेंटचं सामायिक काम असेल तर साइट कुठल्या हबला जोडायची ते ठरवून घ्या आणि दुसऱ्याच्या मेनूत साधी लिंक द्या.

जुन्या इंट्रानेटवर आधीच सबसाइट असतील आणि त्या शांतपणे चालत असतील तर एका रात्रीत सगळं उपसायची गरज नाही. पेरोल, कायदेशीर कागद, बाहेरच्यांशी शेअरिंग असलेल्या साइट आधी बाहेर काढा, बाकीच्या त्या त्या डिपार्टमेंटच्या सोयीने नंतर काढल्या तरी चालतात.