पार्सलवरचा ‘गिफ्ट’ हा शब्द : पार्श्वभूमी

२०२५च्या दिवाळीआधी अमेरिकेत फराळ पाठवणाऱ्या घरांची मोठी पंचाईत झाली. ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला तिथे असलेली शुल्कमाफी २९ ऑगस्टपासून गेली. शुल्क कोणी आणि कसं गोळा करायचं हेच ठरलेलं नसल्यामुळे विमान कंपन्या टपालाचा माल घेईनात. आपल्याकडे २५ ऑगस्टपासून बहुतेक पार्सलांचं बुकिंग बंद झालं. सुरुवातीला पत्रं आणि १०० डॉलरपर्यंतच्या भेटी वगळल्या होत्या, काही दिवसांत त्याही थांबल्या. सेवा पुन्हा सुरू झाली ती १५ ऑक्टोबरला, म्हणजे दिवाळी दारात उभी असताना. एवढ्या गोंधळात एक सवलत कागदावर शाबूत राहिली, ती १०० डॉलरपर्यंतच्या खऱ्याखुऱ्या भेटीची. त्यामुळे पार्सलसोबत भरायच्या डिक्लरेशनमधल्या ‘गिफ्ट’ या चौकटीकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. तिचा इतिहास मात्र बराच मागे जातो.

१८७४मध्ये बर्नला टपालाचा पहिला जागतिक करार झाला आणि १८७६मध्ये भारत त्यात आला. पार्सलांसाठी वेगळा करार पॅरिसला १८८०मध्ये झाला. पत्रात मजकूर असतो, पार्सलात माल असतो आणि माल आला की जकात आली. म्हणून आत काय आहे ते पाठवणाऱ्याने बाहेर लिहायचं, ही रीत पडली. लहान पाकिटांवर चिकटणारी हिरवी चिठ्ठी त्यातलीच. पूर्वी तिला सी-१ म्हणत, आता सीएन-२२. मोठ्या किमतीच्या मालाला सीएन-२३ लागतो. हिरव्या चिठ्ठीवर फ्रेंचमध्ये एक ओळ असते, तिचा अर्थ ‘अधिकाऱ्यांना उघडून पाहता येईल’. मांजरपाटाच्या कापडात शिवून, लाखेचं सील ठोकलेल्या पार्सलावर ही चिठ्ठी डकवलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तो विरोधाभास आठवेल : एवढं घट्ट शिवायचं, आणि वर उघडायची मुभाही द्यायची.

कायद्याने या चिठ्ठीला मोठं वजन दिलं. व्यापाऱ्याला मालाचं रीतसर निवेदन सीमाशुल्क खात्याकडे दाखल करावं लागतं. टपालाने येणाऱ्या-जाणाऱ्या मालाच्या बाबतीत १९६२च्या सीमाशुल्क कायद्याने सोबतच्या लेबललाच तो दर्जा दिला होता. पुढे ते कलम गेलं, नियम बदलले, पण तत्त्व टिकलं : घरातल्या माणसाने चिठ्ठीवर लिहिलेले चार शब्द हेच त्याचं सरकारी निवेदन. चिठ्ठीवर वस्तूचं वर्णन, नग, वजन, किंमत आणि पाठवण्याचं कारण असतं. कारणांमध्ये भेट, कागदपत्रं, विक्रीचा माल, व्यापारी नमुना, परत केलेला माल अशा चौकटी. 

खरा वाद या ‘भेट’ चौकटीचा आहे. भारतात परदेशातून येणाऱ्या पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटीवर शुल्क नव्हतं. २०१८-१९च्या सुमारास परदेशी, मुख्यतः चिनी, शॉपिंग ॲपवरून मागवलेले कपडे आणि चपला हीच चौकट भरून येऊ लागल्या. एका ऑर्डरची अनेक पाकिटं करायची, प्रत्येकाची किंमत पाच हजारांच्या आत दाखवायची आणि वर ‘गिफ्ट’ लिहायचं. देशी दुकानदारांनी तक्रारी केल्या आणि त्या रास्तच होत्या. १२ डिसेंबर २०१९ला अधिसूचना निघाली : टपालाने वा कुरियरने ‘भेट’ म्हणून शुल्कमाफीत माल आणण्यास मनाई. अपवाद दोनच, जीवरक्षक औषधं आणि राखी. राखीपुढे कंसात खुलासाही होता की राखीसोबतच्या भेटी यात धरू नयेत. म्हणजे बहिणीचा धागा माफ, त्यासोबतचं चॉकलेट नाही.

बातम्यांत मथळे आले, ‘परदेशातून भेटी आणण्यावर बंदी’. ते अर्धसत्य होतं. पूर्ण शुल्क भरून भेट आणायला त्याच अधिसूचनेत परवानगी होती. बंदी भेटीवर नव्हती, भेटीच्या माफीवर होती. पण लंडनच्या मुलाने पुण्याला आईसाठी पाठवलेल्या स्वेटरवर शुल्क मागितलं गेलं, की त्या आईला हा फरक सांगून काय उपयोग? ब्रिटनने ३९ पौंडांपर्यंत, युरोपीय संघाने ४५ युरोपर्यंत माणसाने माणसाला पाठवलेल्या भेटीची सवलत राखली. तिथेही खोट्या भेटी येतातच. लबाडी विक्रेत्याची असताना चौकटच काढून घेणं हा मला सोपा मार्ग वाटतो, न्याय्य नाही.

फराळाच्या बाबतीत आणखी एक पीळ आहे. अमेरिकेने २००२च्या जैव-दहशतवादविरोधी कायद्यानंतर बाहेरून येणाऱ्या अन्नाची आगाऊ सूचना सक्तीची केली. त्यातून एक वस्तू सुटली : माणसाने स्वतःच्या घरी केलेलं आणि त्यानेच भेट म्हणून पाठवलेलं अन्न. शब्द नीट वाचावे लागतात. आईने घरी चकली तळली आणि तिनेच पाठवली, तर सूट. तीच चकली मावशीने तळली आणि पार्सलवर पाठवणारी म्हणून आईचं नाव पडलं, तर नियमाच्या अक्षरात ती बसत नाही. दुकानातून आणलेला चिवडा तर नाहीच.

नंतरच्या वर्षांत चिठ्ठीची जागा डेटाने घेतली. ऑक्टोबर २०१०मध्ये येमेनहून निघालेल्या कुरियर पार्सलांत प्रिंटरच्या काडतुसांमध्ये लपवलेले बॉम्ब सापडले. माल विमानात चढण्याआधीच त्याची माहिती हवी, हा आग्रह तेव्हापासून वाढत गेला. टपालाने येणाऱ्या फेंटानिल या घातक अमली पदार्थाला आळा घालायला अमेरिकेने २०१८मध्ये टपाल पार्सलांचा आगाऊ डेटा कायद्याने सक्तीचा केला, युरोपने मार्च २०२१पासून. आता काउंटरवर नुसतं ‘खाऊ’ किंवा ‘फूड’ लिहून भागत नाही. ‘बेसनाचे लाडू, २४ नग, ९०० ग्रॅम, ६०० रुपये’ असं एकेक ओळीत संगणकात चढवावं लागतं.

१५ ऑक्टोबर २०२५ला अमेरिकेची सेवा सुरू झाली, तेव्हा भारतातून जाणाऱ्या मालावर जाहीर किमतीच्या ५० टक्के शुल्क होतं आणि ते इथेच, बुकिंगच्या वेळी भरायचं होतं. डबा तोच, लाडू तेच. विक्रीचा माल म्हणून नोंदले, तर त्या ६०० रुपयांवर ३०० रुपये शुल्क. मुलीसाठी आईची भेट म्हणून ग्राह्य धरले, तर शून्य.